रेघेवरचा चंडोल

मी चंडोल बोलतोय. कुठल्या पोटजातीचा, ते मात्र कृपा करून विचारू नका. त्या एका प्रश्नानं माझं डोकं उठलं आहे. डोक्यात आता नुसता कापूस आहे, तरीही उठतं.

माझा जन्म दक्षिण आफ्रिकेत, ऑरेंज नदीच्या दक्षिणेला, बुशमनलँडच्या कोरड्या माळावर झाला. तिथे एक मेलेलं नदीपात्र आहे. त्यात पाणी कधी वाहिलं ते कुणालाच आठवत नाही. पात्राच्या पश्चिमेला तांबड्या वाळूच्या टेकड्या, पूर्वेला करड्या खड्यांचा सपाट माळ. टेकड्यांवरचे आमचे भाऊबंद पाठीनं विटेसारखे तांबडे. माळावरचे मातकट, पाठीवर काळसर रेघा असलेले. कारण अगदी साधं आहे. वरून ससाणा बघत असतो. जो मातीत मिसळून जातो, तो संध्याकाळपर्यंत टिकतो. यात मिरवण्यासारखं काही नाही, लाजण्यासारखंही नाही.

आई टेकडीवरची होती, वडील माळावरचे. घरटं त्यांनी पात्राच्या मधोमध, गवताच्या एका झुबक्याखाली बांधलं. तिथे वाळूत खडे मिसळलेले. आम्ही दोन पिल्लं. बहीण आईवर गेली. मी ना धड तांबडा, ना धड मातकट. पण आमच्या घरात या विषयावर एकदाही बोलणं झालं नाही. आई टोळ घेऊन आली की ज्याची चोच जास्त उघडी, त्याला टोळ मिळायचा. रंग बघून तिनं कधी घास दिला नाही.

मी दोन वर्षं छान जगलो. एका कुंपणाच्या खांबावर बसून गायचो. अवघा खांब माझा होता. मग १९५९ साल उजाडलं आणि डॉक्टर लोबसर आले.

हे औषधाचे डॉक्टर नव्हेत, पक्ष्यांचे. कुठल्याशा म्युझियमचे. लॉरी, तंबू, बंदूक आणि एक भलीमोठी लाकडी पेटी घेऊन आलेले. मी त्या सकाळी गाण्याच्या ऐन भरात होतो. बार झाला. निदान ते कडवं तरी पुरं होऊ द्यायचं होतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

पुढचं सगळं मी मेल्यावरचं सांगतोय. माणसांच्या सहवासात माझं खरं आयुष्य तिथूनच सुरू झालं.

मला सोललं आब्राम क्लूटीनं. आब्राम जवळच्या मिशनच्या वस्तीत राहायचा. चाळिशीचा, सडपातळ, हातांची बोटं लांब. असले डॉक्टर लोक माळावर आले की आब्रामला बोलावणं जायचं, कारण पाखराचं एकही पीस न मोडता कातडं उतरवणारा दुसरा माणूस आसपास नव्हता. त्यानं माझ्या पोटावर फुंकर मारून पिसं बाजूला केली आणि म्हणाला, "माफ कर रे बाबा. गात होतास ना तू? ऐकत होतो मी."

मक्याचं पीठ, विषारी साबण, कापूस, सुई, दोरा. अर्ध्या तासात मी तयार. मग डॉक्टर मला घेऊन बसले.

काय काय मोजलं त्या माणसानं! चोच मोजली, पंख मोजला, शेपूट मोजलं, मागच्या बोटाची नखीसुद्धा मोजली. चोच तर तीनदा मोजली, कारण दोन वेळा अर्ध्या मिलिमीटरचा फरक आला. मग रंगांचं एक पुस्तक काढलं आणि माझी पाठ त्यातल्या एकेका चौकोनाशी लावून बघितली. साडीच्या दुकानात मॅचिंग ब्लाउजपीस बघतात तसं.

डॉक्टरांचं म्हणणं असं की टेकडीवरचे चंडोल एका पोटजातीचे आणि माळावरचे दुसऱ्या, नव्या पोटजातीचे. दोघांमधली हद्द म्हणजे ते कोरडं पात्र. नव्या पोटजातीला ते आपल्या सासऱ्यांचं नाव देणार होते. सासरे म्युझियमच्या मंडळावर होते. सगळं जमून आलं होतं. मध्ये मी तडमडलो.

तीन संध्याकाळ डॉक्टर माझ्यासाठी डोकं खाजवत बसले. शेवटी आब्रामला राहवलं नाही.

"साहेब, हा मधला आहे."

"मधला असं काही नसतं, आब्राम."

"पण आहे ना हा. तुमच्या हातात आहे."

"रेघ असतेच," डॉक्टर म्हणाले. "आपल्याला ती अजून सापडलेली नाही, इतकंच."

मी आयुष्यभर त्या रेघेवर राहिलो. मला ती एकदाही आडवी आली नाही.

आब्रामची बायको लेना रोज दुपारी त्याच्यासाठी निखाऱ्यावर भाजलेली रोटी आणि चहाची किटली घेऊन यायची. उंच, सावळी, डोक्याला निळा रुमाल, जिभेला धार. आम्हाला ओळीनं वाळत ठेवलेलं बघून म्हणायची, "काय रे, आज किती विधवा केल्यास?" आब्राम हसायचा. तिच्या रोटीतला कोपरा तो नेहमी माझ्या शेजारी ठेवायचा आणि विसरायचा. मुंग्या खूश असायच्या.

एके दिवशी ती आली तेव्हा तिच्या हातात किटली नव्हती. एक कागद होता.

झालं होतं असं. सरकारनं त्या सुमारास देशातल्या एकूण एक माणसाला कार्ड द्यायचं काढलं होतं. कार्डावर जात: गोरा, कलर्ड किंवा नेटिव्ह. नेटिव्ह म्हणजे काळे आफ्रिकी, कलर्ड म्हणजे मिश्र रक्ताचे. त्यांच्यातही पुन्हा पोटभेद पाडले होते, ते मी सांगत नाही, मला चक्कर येते. एक कारकून वस्तीत येऊन चर्चच्या सावलीत टेबल मांडून बसला होता. त्यानं लेनाला विचारलं, बाप कोण? लेनानं छाती पुढे काढून सांगितलं: कुरुमानकडचा मोथीबी, त्स्वाना माणूस, मेंढ्यांबरोबर चालत नदी ओलांडून आला, आणि अख्ख्या वस्तीत त्याच्यासारखी विहीर खोदणारा झाला नाही. आई इथलीच, नामा जमातीची. कारकुनानं एवढं सगळं ऐकून एक शब्द लिहिला. नेटिव्ह.

"तर काय झालं?" आब्राम म्हणाला. "लिहू दे ना मेल्याला."

"वाच पुढे."

आब्रामनं वाचलं. वस्ती कलर्ड लोकांची. नेटिव्ह माणसाला तिथे राहायचा हक्क नाही. तीस दिवसांत नदीपलीकडे. मुली, दोन्ही, आब्रामच्या कलर्ड कार्डावर, म्हणजे इथेच राहणार. हरकत असेल तर अमुक तारखेला तालुक्याच्या कचेरीत हजर राहावं, सोबत लायक साक्षीदार आणावेत.

"लायक म्हणजे कोण रे?" लेनानं विचारलं.

आब्रामनं तंबूकडे पाहिलं. तंबूत डॉक्टर माझ्या चुलतभावाची शेपटी मोजत होते.

आब्राम टोपी हातात घेऊन तंबूत गेला. मी टेबलावर होतो, मला सगळं ऐकू येत होतं.

"साहेब, तुम्ही फक्त यायचं आणि सांगायचं, ही आमच्यातलीच आहे म्हणून. गोऱ्या माणसाचा एक शब्द पुरतो."

"आब्राम, मला वाईट वाटतं, खरंच. पण मी शास्त्रज्ञ आहे. जे मला नक्की ठाऊक नाही ते मी कसं सांगू? आणि माणसं हा माझा विषय नाही."

"पाखराच्या नखीचं तुम्ही नक्की सांगता."

"नखी मी मोजलेली असते."

अशा वेळी आपल्याला हात असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. टेबलावरच्या सगळ्या मोजपट्ट्या मी वाळूत फेकून दिल्या असत्या.

सुनावणीच्या दोन दिवस आधी डॉक्टर जवळच्या फार्मवर जेवायला गेले होते. आब्रामनं ट्रेमधले आम्ही सात जण उचलले. प्रत्येकाला कागदात गुंडाळलं, बुटांच्या खोक्यात कापूस घातला आणि वर आम्हाला निजवलं. डॉक्टरांच्या वहीवर पेन्सिलीनं लिहून ठेवलं: *साहेब, चंडोल माझ्याबरोबर आहेत. परवा सकाळी तालुक्याच्या कचेरीत मिळतील.*

गाढवांच्या गाडीतून साठ मैल. आब्राम, लेना आणि शेजारची सारा मावशी. मावशी साक्षीदार. सत्तरीची, दातांचा पत्ता नाही, पण वाटभर बोलत होती.

"अरे आब्राम, चोरीत पकडतील ना तुला!"

"पकडायला तरी साहेबांना यावं लागेल ना, मावशी? लेनासाठी ते यायचे नाहीत. चंडोलांसाठी धावत येतील."

मावशीनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "बापावर नाही गेलास रे तू. तो भोळा होता."

पुढे जरा वेळानं आब्राम हळूच म्हणाला, "लेना, तिथे बाप कोण विचारलं, तर ठाऊक नाही म्हण."

"मला ठाऊक आहे."

"तुला आहे गं. त्यांना नको ना सांगूस. मुलींसाठी."

त्यानंतर बारा मैल लेना एक शब्दही बोलली नाही. मावशीसुद्धा गप्प झाली, यावरून समजा.

कचेरीत एकच खोली, एक टेबल, त्यामागे एक अधिकारी. त्याला सर्दी झालेली. नाक पुसत पुसत त्यानं कागद उलटले.

"वडिलांचं नाव?"

लेना जमिनीकडे बघत होती. "ठाऊक नाही."

"कारकुनाला तुम्ही मोथीबी सांगितलंय."

"आई तसं सांगायची. आईचं काय, ती काहीही सांगायची."

खोक्याचं झाकण थोडं उघडं होतं. आब्रामचे हात त्यावर होते.

मग मावशीला विचारलं. ही बाई कोणाकडे बसते-उठते?

"माझ्याकडे. बावीस वर्षं."

"काय खाते?"

"मी देते ते खाते, आणि वर मीठ कमी म्हणते."

"मी विचारतोय, कलर्ड लोकांसारखं खाते का?"

"साहेब, तोंडानं खाते. तुमच्याकडे वेगळी पद्धत आहे का?"

अधिकाऱ्यानं मावशीला खाली बसवलं. मग लेनाला डोक्यावरचा रुमाल काढायला लावला. तो टेबलामागून उठला आणि त्यानं एक पेन्सिल तिच्या केसांत खोचली. मान खाली करा, म्हणाला. पेन्सिल गळून पडली तर कलर्ड, अडकून राहिली तर नेटिव्ह. असं मोजमाप मी डॉक्टरांच्या तंबूतसुद्धा पाहिलं नव्हतं. पेन्सिल थोडा वेळ लोंबकळली आणि पडली. थोडा म्हणजे किती, ते कुणी पाहिलंच नव्हतं. म्हणून त्यानं ती पुन्हा खोचली.

आता पुढे काय होणार ते आब्रामला दिसलं असावं. डॉक्टरांचा अजून पत्ता नव्हता. तो पुढे झाला, खोकं उघडलं आणि आम्हा सातही जणांना टेबलावर ओळीनं मांडलं. डावीकडे टेकडीचा तांबडा, उजवीकडे माळाचा मातकट. मधोमध मी.

"हे काय आहे?"

"चंडोल, साहेब. एका दिवसाच्या चालीत सापडलेले. यांच्यात दोन जाती आहेत म्हणतात. कुठून दुसरी सुरू होते, ते तेवढं तुम्ही दाखवा."

अधिकारी चिडायला हवा होता. पण तो वाकून बघायला लागला. माणसाला ओळीत मांडलेली वस्तू दिसली की ती वेगळी केल्याशिवाय त्याला चैन पडत नाही, हे मी तेव्हा शिकलो. त्यानं लेनाच्या केसांतली तीच पेन्सिल काढली, खुर्चीत बसला आणि ती तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये ठेवली. मग उचलून माझ्या पलीकडे ठेवली. पुन्हा अलीकडे आणली. नाक पुसलं. मला उलटं करून पोट बघितलं.

"हा कुठला?"

"तेच मीही विचारतोय, साहेब."

"उचला हे!" अधिकारी ओरडला. "पाखरांना वस्ती नेमून द्यायची नसते. इथे कायदा आहे!"

आणि तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

डॉक्टर लोबसर केसांपासून बुटांपर्यंत धुळीनं लाल झाले होते. टेकडीवरचा चंडोल शोभले असते. "माझे चंडोल!" एवढंच ते म्हणाले.

अधिकारी झटकन उभा राहिला. कुणासाठीही तो त्या सकाळी उभा राहिला नव्हता. "या डॉक्टर, बसा. हा तुमचा माणूस का? बरं झालं आलात. हे प्रकरण लांबत चाललंय. तुम्ही या विषयातले. सांगा बघू, ही बाई कोण?"

डॉक्टरांनी आमच्याकडे बघितलं. मग लेनाकडे. तिची मान अजून खालीच होती. मान वर करा असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. रुमाल पायाशी पडलेला.

डॉक्टर अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "मी हिला वीस वर्षं ओळखतो. हिची आई, हिचे वडील, आजी, सगळ्यांना मी पाहिलंय. सगळे कलर्ड."

लेनाला पहिल्यांदा पाहून त्यांना तीन आठवडे झाले होते. अर्ध्या मिलिमीटरसाठी चोच तीनदा मोजणारा माणूस. त्यानं एका दमात वीस वर्षं आणि तीन माणसं खोटी सांगितली.

"एवढंच हवं होतं," अधिकारी म्हणाला आणि त्यानं शिक्का उमटवला. मावशीच्या बावीस वर्षांच्या शेजाराला काडीची किंमत नव्हती.

बाहेर पायरीवर आब्राम हसत होता, मावशी टाळ्या पिटत होती. लेना शांतपणे रुमाल बांधत होती.

"लेना, अगं जिंकलो आपण!"

"हो. मुलींपाशी राहायला मिळालं. त्याचा आनंद आहे मला, नाही कसा?" तिनं गाठ घट्ट मारली. "बाप गेला तेव्हा त्याच्या थडग्यावर मी एकेक दगड वाहून आणून रचला होता. आज आत उभी राहून सगळे काढून फेकले. आईला तर चिखलात लोळवलं. जरा वेळ माझ्याशी बोलू नकोस, आब्राम."

आब्रामचं हसू गेलं. तो तिच्या शेजारी बसला आणि खरंच बोलला नाही.

डॉक्टर बाहेर आले. त्यांनी खोकं घेतलं, सात मोजले. माझी शेपटी निरखली. "पीस वाकलंय याचं."

"साहेब, तुमचे उपकार जन्मभर..."

"उपकार नकोत. तू मला खोटं बोलायला लावलंस आज. उद्यापासून कामाला येऊ नकोस."

आब्राम उठून उभा राहिला. "खोटं कुठलं, साहेब? वीस वर्षं म्हणालात ते, की कलर्ड म्हणालात ते?"

डॉक्टरांनी मला लॉरीत ठेवलं आणि दार लावलं. आब्रामला, लेनाला मी त्यानंतर कधी पाहिलं नाही. पुढे त्यांचं काय झालं ते मला ठाऊक नाही. मी कपाटात गेलो, आणि कपाटाला खिडकी नसते.

आता तुम्हाला वाटेल, एवढं झाल्यावर डॉक्टरांना रेघांचा वीट आला असेल. छे! त्यांनी शोधनिबंध लिहिला. पश्चिमेकडे एक पोटजात, पूर्वेकडे सासऱ्यांची, हद्द कोरडं पात्र. मग माझं काय? मला 'संकीर्ण' नावाच्या ड्रॉवरमध्ये टाकलं. निबंधात माझा उल्लेखच नाही. कचेरीत त्यांनी माणसासाठी खोटं सांगितलं, ते मी समजू शकतो. त्यासाठी मी त्यांना मानतोही. पण निबंधात कुणासाठी?

नंतरची साठ वर्षं नुसता वैताग. एक जण आला, म्हणाला हा संकर. दुसरा म्हणाला संकर नव्हे, ही तिसरीच पोटजात, आणि एका माझ्यावरून तिला नाव देऊन मोकळा झाला. तिसऱ्यानं ती रद्द केली. एकानं पहिल्या दोन्ही रद्द केल्या, मग पाच वर्षांनी एक परत आणली. दर वेळी मला बाहेर काढायचं, चोच मोजायची, सुस्कारा टाकायचा आणि आत ढकलायचं. चोच दर वेळी तेवढीच भरायची. मरून किती वर्षं झाली मला, ती वाढणार कशी?

परवा दिनेओ नावाची एक मुलगी आली. तरुण, हुशार, हात हलके. तिनं माझ्या बोटाचा कणभर तुकडा कापून तपासायला पाठवला. पात्राच्या दोन्ही बाजूंच्या शंभरेक चंडोलांचेही पाठवले होते. उत्तर आलं. ती मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "अगं, रेघच नाहीये कुठे! वाळू बदलते तसा हळूहळू रंग बदलतो. सगळे एकच आहेत."

हे सांगायला साठ वर्षं लागली. माझ्या आईला पाच मिनिटांत सांगता आलं असतं.

तरीही मला बरं वाटलं. तिनं मला खिडकीपाशी नेलं. कितीतरी वर्षांनी अंगावर ऊन पडलं. तिनं मला हळूच उलटं केलं, पोटावरची पिसं फुंकरीनं बाजूला केली आणि म्हणाली, "काय सुंदर टाके आहेत! लोबसरांच्या हातात कला होती हं."

अहो, लोबसरांना शर्टाचं बटण लावता येत नव्हतं!

माझ्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर तारीख आहे, ठिकाण आहे, वजन आहे, बंदूक कुणाची ते आहे, आणि खोडून पुन्हा लिहिलेली पाच नावं आहेत. टाके कुणी घातले, ते नाही. मला वाचा असती तर त्या मुलीचा हात धरून सांगितलं असतं. नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. तुमच्यापैकी कुणी तिकडे गेलात, तर तिला एवढा निरोप द्या: ड्रॉवर लावायच्या आधी चिठ्ठीवर लिही, आब्राम क्लूटी. ठळक अक्षरात लिही. मग खाली जागा उरलीच, तर खुशाल पोटजात लिही.